गाळाने घडवलेले अभयारण्य

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा दगडी बंधारा बांधला गेला, तेव्हा पक्ष्यांचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी दख्खन होरपळल्यानंतर ब्रिटिश सरकारने १९०१ मध्ये सिंचन आयोग नेमला आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कोरडवाहू मुलखाला कालव्यांचे पाणी देण्याच्या कामांना जोर आला. हा बंधारा त्याच काळातला. इगतपुरीकडच्या दारणा धरणातून (हे १९१६ मध्ये पूर्ण झाले) नदीत सोडलेले पाणी येथे अडवायचे, त्याची पातळी उचलायची आणि ते डाव्या-उजव्या कालव्यांतून कोपरगावच्या दिशेने वळवायचे, एवढेच त्याचे काम होते.

परंतु पाण्याचा वेग मंदावला की त्याने वाहून आणलेली माती तळाशी बसते. पावसाळ्यात काळ्या रानांतून येणारा गाळ बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला, साठवणक्षमता घटली, आणि पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा ठरला. त्याच गाळाची मात्र बेटे झाली, उथळ पाणी दूरवर पसरले, त्यात पाणवनस्पती, शंख-शिंपले आणि मासे वाढले. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या चक्रवाक, तलवार बदक, थापट्या यांना नेमके असेच पाणी लागते, कारण यांतली बहुतेक बदके खोल बुडी न मारता उथळ पाण्यातच चरतात. या स्थळाला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात, पण तुलना पुरती जुळत नाही: राजस्थानातल्या पक्ष्यांसाठी प्रसिद्ध भरतपूरची पाणथळ संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी मुद्दाम राखली होती, नांदूरची कोणी योजलेलीच नव्हती.

१९८६ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे पाणथळींच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले स्थळ, म्हणून पुढे आले. रामसरच्या नोंदीत येथील ५३६ प्रजातींचा उल्लेख आहे. त्यात बिबट्याही आहे, आणि हे नाव निफाडकरांना कौतुकाचे वाटत नाही, कारण पाण्याबरोबर वाढलेल्या उसाने त्यालाही दडायला जागा दिली.

आता एका परिणामावर दुसरा चढला आहे. वरच्या अंगाला वाढलेल्या नाशिक शहराचे सांडपाणी आणि शेतांतून वाहून येणारी खते यांवर पोसलेली, मूळची दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी याच उथळ पाण्यावर पसरते आणि बदकांना लागणारा मोकळा पृष्ठभाग झाकून टाकते. ती काढण्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. खरा पेच गाळाचा आहे: सिंचनासाठी तो उपसावा म्हटले, तर ज्या उथळपणाला कायद्याचे संरक्षण मिळाले आहे, त्यालाच हात लागतो.