मार खाल्लेला मासा आणि आजारी मासा

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांकडून एक प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तर छापून खिशात ठेवावं. फोटोत एक मासा कोपऱ्यात, पर मिटलेले, शेपटीची कड फाटलेली. खाली एकच ओळ: "दोन दिवस काही खात नाहीये, कोणतं औषध टाकू?" बऱ्याचदा उत्तर "कोणतंच नको" हे असतं, कारण मासा आजारी नसतो, त्याला शेजारी धरून मारत असतो. उलटा घोळही तितकाच होतो. माशाच्या कुशीवर लाल चट्टा दिसतो, कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "डॅम्सेलने (हा एक छोटा भांडखोर मासा) मारलंय, सेटल होईल," आणि दोन दिवसांनी तो मासा पंपाच्या जाळीला चिकटलेला सापडतो.

व्हाइट स्पॉट या परजीवी आजारावर इथे फार बोलत नाही. तो आणणाऱ्या क्रिप्टोकॅरिऑनचे मिठाच्या कणाएवढे ठिपके एकदा पाहिले की कुणीही ओळखतं. एवढंच ध्यानात ठेवा की परजीवी काही दिवस कातडीखाली खाऊन आपणहून गळतो आणि तळाशी कवच करून बसतो. ठिपके जातात, पुढच्या पिढीचे परत येतात. "लसूण चारला आणि बरा झाला" या कथेचा उगम त्या मधल्या मोकळ्या दिवसांत आहे. माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारी क्लीनर श्रिंप ही कोळंबी आणा म्हणणाऱ्यांचंही तेच. कातडीखाली बसलेला जीव त्याच्या चिमट्याला लागत नाही. आणि गोड्या पाण्याच्या सवयीने "खडे मीठ टाका" सांगणाऱ्यांना हात जोडून विनंती: त्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ आधीच आहे. तुमच्या मूठभर मिठाने तिथे कोण दचकणार?

आता घोळ होतो कुठे ते बघू. लपून बसणं, न खाणं, भराभर श्वास, उतरलेला रंग, फाटके पर ही सगळी लक्षणं दोन्हीकडे सारखी दिसतात. सुरुवातही एकाच दिवशी होते. कुर्ल्याहून आणलेला नवा मासा डोंबिवलीच्या टँकमध्ये सोडला की परजीवी असलाच तर तो अंगावर घेऊनच येतो, आणि जुन्या माशांशी जागेचं भांडणही त्याच संध्याकाळी सुरू होतं. त्यामुळे "नवा मासा आणल्यापासून असं होतंय" या माहितीचा निदानाला काडीचा उपयोग नाही, तरी प्रत्येक जण आधी तेच सांगतो.

जखमेचा फोटो काढून झूम करत बसण्यापेक्षा एक गोष्ट शोधा: माशाचा त्रास जागेला चिकटलाय की अंगाला? मार खाणाऱ्याचं दुखणं टँकमधल्या एका भागाशी आणि एका दुसऱ्या माशाशी बांधलेलं असतं. तो दुसरा नजरेआड झाला की दुखणं उतरायला लागतं. आजाऱ्याचं दुखणं त्याच्या कल्ल्यांत आणि कातडीत असतं, त्याला कुठेही हलवा, ते बरोबर जातं.

हे तपासायला साधी भोकं असलेली पारदर्शक पेटी पुरते, आतल्या बाजूने काचेला लटकवायची. पेटी नसेल तर फॉल्स सीलिंगच्या दिव्यांना लागणारी पांढरी चौकड्यांची प्लास्टिक जाळी आणा, टँकवाले तिला एगक्रेट म्हणतात. ती कापून कोपरा बंद करा. संशयित मासा त्याच टँकमध्ये, त्याच पाण्यात, फक्त आडोशाला ठेवायचा. लगेच वेगळ्या टँकमध्ये हलवू नका. पाणी, तापमान, उजेड सगळंच बदललं तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही. अर्थात एखाद्या माशाचे कल्ले धापावताना दिसत असतील तर हा नियम लागू नाही, त्याकडे येतो.

जाळीने पकडलेला कोणताही मासा पहिला अर्धा तास घाबराच असतो, म्हणून त्या अर्ध्या तासात निष्कर्ष काढू नका. दिवे मंद करा. मग १५ सेकंदांत कल्ले किती वेळा उघडतात ते मोजा, पुढच्या खाण्याच्या वेळी पुन्हा मोजा आणि त्याच टँकमधल्या तशाच दुसऱ्या माशाशी ताडून बघा. मार खाणाऱ्याचा श्वास तोवर बराचसा खाली आलेला असतो. खायला बारीक ब्राइन श्रिंप सोडले की त्याचे डोळे त्या दाण्यांमागे फिरतात, तो झेपावतो, आणि मारकुटा पेटीजवळ आला की मध्येच थबकतो. त्या मारकुट्याकडेही बघा. जो पेटीला धडका देतो, काचेलगत खाली-वर फिरत राहतो, तो आपणच आपली ओळख देतो. खऱ्या आजाऱ्याला आडोसा मिळून काहीच फरक पडत नाही. श्वास तसाच, नजर कुठेतरी, आणि दाणा तोंडासमोरून निघून गेला तरी हालचाल नाही.

तीच तपासणी रात्रीही करता येते, पेटीशिवाय. दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल टॉर्चने बघा. लाल उजेड बहुतेक माशांना फारसा जाणवत नाही. मारकुटे डॅम्सेल आणि टँग दिवसाचे मासे आहेत, रात्री ते खडकाच्या फटीत झोपतात. दिवसभर पाइपामागे दबून बसलेला मासा तेव्हा बाहेर येऊन निवांत फिरत असेल तर औषधाची बाटली परत ठेवा. आजारी मासा अंधारातही तेवढ्याच वेगाने कल्ले मारत असतो. लपण्याच्या जागेवरूनही कळतं. मार खाणारा अशा ठिकाणी घुसतो जिथे दुसऱ्याचं तोंड पोचत नाही: हीटरमागे, पाणी बाहेर जायच्या ओव्हरफ्लोच्या कोपऱ्यात, पाण्याच्या अगदी वरच्या थरात. तुमचा हात आला की तो सटकतो. आजारी मासा बऱ्याचदा उघड्यावरच उभा राहतो आणि हात जवळ आला तरी अंग चोरत नाही.

एका आजाराला मात्र ही वाट बघण्याची मुभा नाही. मरीन व्हेल्व्हेट, म्हणजे अमायलूडिनियम, बहुधा आधी कल्ले धरतो आणि कातडी नंतर. श्वास धापेसारखा, मासा पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड देऊन उभा, उजेड टाळतोय, आणि आडव्या प्रकाशात अंगावर बारीक सोनेरी-करडी धूळ बसल्यासारखी दिसतेय, असं चित्र असेल तर पुढच्या खाण्याची वेळ येऊ देऊ नका. त्याच दिवशी वेगळा टँक आणि कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध. धूळ दिसण्याआधीही मासे मरतात, म्हणून "अजून ठिपके नाहीत" हा दिलासा खोटा असतो. टँकमधले सगळेच मासे एकदम धापा टाकत असतील तर भांडण किंवा आजार शोधण्याआधी लाइट जाऊन पंप बंद पडला होता का, मे महिन्याच्या उकाड्याने पाणी तापलं का, अमोनिया चढलाय का, ते बघा.

जखमांचं थोडक्यात. पळणाऱ्याला मागून चावतात, त्यामुळे चावे शेपटीवर आणि मागच्या परांवर असतात, कड स्वच्छ, तुकडा निघाल्यासारखी, आणि मासा आडोशाला गेल्यावर पुढे सरकत नाही. कुजणाऱ्या पराची कड दुधी किंवा लाल असते आणि रोज बुडाकडे सरकते. कुशीवर सरळ रेघ मारल्यासारखा वार दिसला तर टँगच्या शेपटीजवळचं पातं आठवा. खडकाला किंवा वाळूला अंग घासणं हे मारामारीचं लक्षण नाही, ते परजीवींचं. स्वच्छ पाण्यात फाटके पर आपणहून भरून येतात, त्यासाठी अँटिबायोटिक ओतू नका.

हे सगळं ज्याच्यापाशी तोकडं पडतं तो मासा म्हणजे ग्रीन क्रोमिस. थव्याने राहतात म्हणून सहा-सात घ्यायला लावतात, आणि मग दर थोड्या दिवसांनी एक कमी होतो. मालक म्हणतो, एकमेकांना मारतात. हे खरंही असतं: छोट्या टँकमध्ये थवा राहत नाही, उतरंड होते, आणि सगळ्यात खालचा रोज टोचून खाल्ला जातो. पण त्याच क्रोमिसना यूरोनिमा नावाचा परजीवी फार लागतो, आणि त्याचा लाल, खवल्यांखालून वर आलेला चट्टा हुबेहूब चाव्यासारखा दिसतो.

इथे मी वेळेकडे बघतो. उतरंडीत खाली गेलेला क्रोमिस हळूहळू जातो. आधी तो थव्यापासून सुटतो, मग वरच्या कोपऱ्यात राहतो, पोट आत जातं, शेपटी झिजते. यूरोनिमाचा मासा कालपर्यंत थव्यात असतो, खात असतो, आज कुशीवर लालसर डाग आणि उद्या-परवा मेलेला. तो डाग बहुधा बरगडीच्या बाजूला असतो, जिथे भांडणारा क्रोमिस क्वचितच चावतो, आणि आडोशाला ठेवूनही वाढतच जातो. सकाळी खेकडे आणि श्रिंप त्या प्रेतावर बसलेले दिसतात आणि खुनाचा आळ त्यांच्यावर येतो. त्या बिचाऱ्यांनी फक्त साफसफाई केलेली असते. यूरोनिमाला मासा लागतोच असं नाही, तो तळाच्या घाणीवरही जगतो, त्यामुळे टँक माशांविना रिकामा ठेवून तो जात नाही. कॉपरही त्याच्यावर चालत नाही. चट्टा दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून माझं ठाम मत: क्रोमिस घेणार असाल तर दुकानातच एकूण एक मासा दोन्ही बाजूंनी बघा, आणि त्या काचेत एकालाही लाल डाग असेल तर त्यातला कुठलाच घेऊ नका.

काही गोष्टी दोन्हीपैकी एकही नसतात. क्लाउनफिशच्या जोडीत लहान नर मादीसमोर अंग थरथरवतो, ती शरणागती आहे, झटके नव्हेत. फॉक्सफेस घाबरला किंवा झोपला की अंगभर तपकिरी डाग उमटतात, यलो टँग रात्री मळकट होतो. दिवे लागल्यावर काही वेळाने बघा आणि मग काय ते ठरवा.

मार हेच कारण ठरलं तर बाहेर मारकुट्याला काढा, मार खाणाऱ्याला नको. आठवडाभर मारकुटा पेटीत किंवा दुसऱ्या टँकमध्ये राहिला आणि तेवढ्यात खडकांची मांडणी बदलली, तर परत येताना तोच नवा असतो. टँगसाठी काचेला बाहेरून आरसा लावला तरी काही दिवस त्याचं लक्ष गुंततं. डॉटीबॅक किंवा मोठा झालेला डोमिनो डॅम्सेल मात्र सुधारत नाही, तो परत द्यावा. स्वस्त आणि चिवट म्हणून टँक सायकल करायला, म्हणजे नव्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायला, डोमिनो सोडायची पद्धत तर बंदच व्हायला हवी. वर्षभराने तो हाताला चावतो आणि खडक उपसल्याशिवाय सापडत नाही.

आजार ठरला तर औषध मुख्य टँकमध्ये नाही. कॉपरने श्रिंप, गोगलगायी, कोरल मरतात आणि खडक-वाळू ते शोषून ठेवतात. "रीफ सेफ", म्हणजे कोरलला अपाय नाही, असं छापलेल्या बाटल्या माझ्या मते बहुतांशी पैशांचा चुराडा आहेत. क्रिप्टोकॅरिऑन असेल तर सगळे मासे बाहेर काढायचे आणि मुख्य टँक माशांविना ठेवायचा. टँकवाल्यांत ७६ दिवसांचा हिशेब रूढ आहे. सगळे मासे म्हणजे मारकुटाही, कारण अंगावर ठिपका दिसत नसला तरी तो त्याच पाण्यात होता. उपचाराच्या टँकमध्ये खडक नसतो, लपायला जागा नसते, म्हणून पीव्हीसी पाइपाचे तुकडे टाका आणि मारकुटा आणि मार खाणारा यांच्या मध्ये एगक्रेट उभी करा. नाहीतर कॉपरने परजीवी मरेल आणि मासा शेजाऱ्याच्या हातून जाईल.