त्रिकास्थी-माकडहाडाचा टेराटोमा : शस्त्रक्रियेच्या निष्पत्तीचे पूर्वानुमान

टेराटोमा म्हणजे अनेक प्रकारच्या ऊतकांची सरमिसळ असलेली गाठ (अर्बुद). कण्याच्या तळाशी, त्रिकास्थी व माकडहाडाजवळ होणारा हा टेराटोमा नवजात बालकांत जन्मतःच असणाऱ्या अर्बुदांपैकी सर्वाधिक आढळणारा प्रकार. माकडहाडाच्या पुढच्या बाजूस निघणारी ही गाठ बहुधा नितंबांच्या मधून बाहेर येते, क्वचित ओटीपोटातच दडून राहते. प्रमाण ३५ ते ४० हजार जिवंत जन्मांमागे एक असे धरले जाते. मृतजन्म जमेस घेतल्यास ते वाढते. मुलींत ती मुलग्यांपेक्षा तीन ते चार पट अधिक दिसते. शस्त्रक्रियेनंतर बालकाचे काय होईल, हे सांगण्यासाठी जी गमके वापरतात, त्यांतील प्रत्येक गमक वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. ही बाब नजरेआड झाली की आईवडिलांना नको तेवढी भीती किंवा नको तेवढा दिलासा दिला जातो.

उगम : याविषयी तीन मते आहेत. जुन्या व अजूनही पाठ्यपुस्तकांत प्रचलित असलेल्या मतानुसार, भ्रूणातील आद्य रेषेच्या (शरीराचा अक्ष ठरवणाऱ्या सुरुवातीच्या पट्टीच्या) टोकाशी असलेल्या हेन्सन गाठीतील सर्वक्षम पेशी माकडहाडाशी उरतात व पुढे त्यांपासून त्वचा, केस, मेंदूऊतक, आतड्याचे अस्तर अशी सरमिसळ तयार होते. दुसरे मत आद्य जननपेशींचे, म्हणजे ज्यांपासून पुढे अंडी व शुक्राणू बनतात त्यांचे : पीतक कोशाकडून (भ्रूणाला जोडलेल्या पिशवीकडून) जननग्रंथींकडे जाताना काही पेशी वाट चुकून मध्यरेषेत राहतात. तिसरे मत अपुऱ्या राहिलेल्या जुळ्याचे. काही कुटुंबांत जुळ्यांचा इतिहास मिळतो, एवढाच त्याला मुख्य आधार असून आज ते मागे पडले आहे. पहिल्या मताने गाठीची जागा चांगली उलगडते. परंतु या गाठीतून पुढे पीतक कोश अर्बुद हाच कर्करोग प्रामुख्याने का उद्भवतो, हे दुसऱ्या मताने अधिक सहज समजते. बालकांच्या अशा अर्बुदांतील जनुकीय छापाचा (जनुक आईकडून आले की वडिलांकडून, या खुणेचा) अभ्यासही जननपेशींकडे बोट दाखवतो. तरीही वाद मिटला असे म्हणता येत नाही. शस्त्रक्रियेचा मुख्य नियम मात्र त्यावर अवलंबून नाही.

माकडहाड : तो नियम म्हणजे गाठीबरोबर माकडहाड अखंड काढणे. अमेरिकी बालशल्यचिकित्सक रॉबर्ट ग्रॉस व सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये दाखवले, की माकडहाड मागे ठेवल्यास तिसऱ्या हिश्शाहून अधिक बालकांत गाठ पुन्हा उद्भवते. पूर्वानुमानातील हा एकच घटक संपूर्णपणे शल्यचिकित्सकाच्या हाती आहे.

आल्टमन वर्गीकरण : ४०५ बालकांच्या पाहणीवरून आल्टमन, रँडॉल्फ व लिली यांनी १९७४ मध्ये चार प्रकार मांडले. पहिल्यात गाठ मुख्यतः बाहेर, दुसऱ्यात बाहेर व ओटीपोटात, तिसऱ्यात बाहेर थोडी पण आत बरीच, चौथ्यात पूर्णतः आत. शस्त्रक्रिया किती अवघड जाईल व पोटातून जावे लागेल का, हे यावरून कळते. जगण्याचा अंदाज मात्र केवळ प्रकारावरून बांधणे योग्य नाही. चौथ्या प्रकाराची वाईट ख्याती बऱ्याच अंशी निदानास होणाऱ्या उशिरामुळे आहे.

वय व घडण : त्याच पाहणीत दोन महिन्यांच्या आत निदान झालेल्यांपैकी मुलींत सुमारे ७ व मुलग्यांत १० टक्के गाठी कर्करोगी होत्या, त्यानंतर हेच आकडे ४८ व ६७ टक्के झाले. म्हणून जन्मानंतर शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करतात. सूक्ष्मदर्शकाखाली अपक्व ऊतक दिसणे म्हणजे कर्करोग नव्हे. धोका ठरतो तो पीतक कोश अर्बुदाच्या अंशावर, आणि तोही सिस्प्लॅटिनयुक्त रसायनोपचारांनी आता बराच आटोक्यात आला आहे.

रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीनचा (गर्भात व पीतक कोश अर्बुदातही तयार होणाऱ्या प्रथिनाचा) एकच आकडा नवजातात निरुपयोगी ठरतो, कारण निरोगी बालकातही जन्मवेळी तो हजारोंच्या घरात असतो. पहिल्या वर्षात तो ओसरत जातो. थांबलेली घसरण किंवा नवी वाढ हीच गाठ पुन्हा उद्भवल्याची सूचक. पुनरुद्भव बहुधा तीन वर्षांत होतो. तोवर हे मापन व गुदमार्गे बोटाने तपासणी चालू ठेवतात.

गर्भावस्था : येथे मृत्यूचे कारण सहसा कर्करोग नसून रक्ताभिसरण असते. घन, रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ गर्भाचे रक्त स्वतःकडे ओढते, हृदयावर ताण येतो, अंगभर सूज चढते व वार जाडावते. पाण्याने भरलेल्या कोशमय गाठी त्या मानाने सुखरूप पार पडतात. गाठीचे घनफळ व गर्भाचे वजन यांचे गुणोत्तर २४ आठवड्यांपूर्वी ०.१२ पेक्षा जास्त असल्यास निष्पत्ती वाईट होण्याचा संभव मोठा, असे २०११ मध्ये मांडले गेले. मात्र असे रुग्ण मुळात थोडे असल्याने ही सीमारेषा लहान मालिकांवर उभी आहे. गाठीची वाढ किती वेगाने होते, याची साप्ताहिक सोनोग्राफी तिच्याइतकीच मोलाची. गर्भाशय उघडून गाठ काढण्याचा मार्ग अगदी निवडक गर्भांपुरता आहे. जन्मानंतर मोठ्या गाठीत रक्तस्राव हा मुख्य धोका. त्यासाठी गाठीला रक्त पुरवणारी मध्य त्रिक धमनी आधी बांधून घेतात.

दीर्घकालीन परिणाम : बद्धकोष्ठ, मलनियंत्रणाचा अभाव व मूत्राशय नीट रिकामे न होणे या तक्रारी काही मुलांत राहतात. यांचे आकडे मालिकेगणिक फार बदलतात. या तक्रारी गाठीच्या दाबामुळे की शस्त्रक्रियेतील विच्छेदनामुळे, हे वेगळे करणे कठीण जाते. म्हणून मूत्राशय व आतड्यांच्या कार्याची नोंद शक्यतो शस्त्रक्रियेआधीच करून ठेवावी.