धरणाच्या परवान्याचं नूतनीकरण: तुमचं म्हणणं कधी आणि कसं मांडायचं

अमेरिकेत नदीकाठी किंवा तलावकाठी घर असलेल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तलावकाठच्या जागांची मोजणी, बोटीच्या धक्क्याची परवानगी, हद्दीचे नकाशे ही आमच्या छोट्या फर्मची रोजची कामं. ती करताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. घर घेताना समोरचा तलाव नैसर्गिक नाही, हे अनेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. खाली मैल-दोन मैलांवर एक जुनं, ठेंगणं धरण असतं, त्याला लागून छोटं वीजघर असतं, आणि तलावाची पातळी किती ठेवायची हे त्या वीजघराच्या परवान्यात लिहिलेलं असतं. मग एक दिवस नोटीस येते. परवान्याची मुदत संपत आली आहे, नूतनीकरणाची प्रक्रिया सुरू होत आहे, नागरिकांनी हरकती व सूचना द्याव्यात. "याचं आम्ही काय करायचं?" असं विचारणाऱ्यांसाठी हे पत्रक.

आमचा आग्रह एवढाच आहे की बोलायचं असेल तर अगदी सुरुवातीला बोला, आणि जे स्वतः पाहिलंय ते लिहा. असं का, ते पुढे येईलच.

परवाना कोण देतं

खासगी कंपन्या, नगरपालिका किंवा राज्यं चालवतात त्या बहुतेक जलविद्युत धरणांना परवाना देण्याचं काम फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनचं आहे. पुढे त्याला नुसतं 'आयोग' म्हणू. केंद्र सरकारची स्वतःची धरणं यात येत नाहीत. परवान्याची ही पद्धत १९२० च्या कायद्यापासून चालत आली आहे. नूतनीकरणाचा परवाना ३० ते ५० वर्षांचा असू शकतो, आणि २०१७ पासून आयोगाचं धोरण साधारणपणे ४० वर्षांचा परवाना देण्याचं आहे. म्हणजे आज शाळेत जाणारी तुमची मुलं पन्नाशीला टेकतील तेव्हा हा परवाना संपेल. मध्ये अटी बदलता येत नाहीत असं नाही, पण ते फार जड जातं.

१९८६ मध्ये काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती केली. तेव्हापासून परवाना देताना वीजनिर्मितीइतकाच विचार मासे आणि वन्यजीव, ऊर्जाबचत, लोकांचा नदीवरचा वावर आणि पर्यावरणाचा दर्जा यांचाही करणं आयोगावर बंधनकारक आहे. जुने परवाने या दुरुस्तीच्या आधीच्या विचाराने लिहिलेले असतात, त्यामुळे नूतनीकरणात सगळंच पुन्हा पटलावर येतं.

किती खोलवर येतं, याचं उदाहरण मेन राज्यातल्या ऑगस्टा शहराजवळच्या केनेबेक नदीवरचं. तिथलं एडवर्ड्स धरण १८३७ चं. वीजघर अवघं साडेतीन मेगावॉटचं. मालकाने नूतनीकरण मागितलं आणि १९९७ मध्ये आयोगाने ते नाकारून धरण काढायला सांगितलं. मालकाची इच्छा नसताना आयोगाने असा आदेश देण्याची ही पहिलीच वेळ होती. मासे वर नेण्याची सोय बांधण्यापेक्षा धरण काढणं स्वस्त पडेल, असा हिशेब निघाला होता. १ जुलै १९९९ रोजी धरण फोडलं गेलं आणि सुमारे १६० वर्षांनी स्टर्जन, स्ट्राइप्ड बास, एलवाइफ हे मासे त्या पट्ट्यात पुन्हा मोकळेपणी वर जाऊ लागले. हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. बहुसंख्य धरणांना नवा परवाना मिळतोच, बदलतात त्या अटी. पण नोटिशीला नुसती औपचारिकता समजून ती कचऱ्यात टाकू नये, हे सांगण्यासाठी एवढं उदाहरण पुरेसं आहे.

खरा वाद पाण्याच्या वाटपाचा

छोट्या धरणाची वीज दोन गोष्टींवर ठरते: पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडतं. समजा २० फुटांची उंची आहे आणि टर्बाइनमधून ५०० क्यूसेक पाणी जातं. यंत्रांची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर सुमारे ६८० किलोवॉट वीज निघते. आता बऱ्याच ठिकाणी वीजघर धरणाच्या पायथ्याशी नसतं. कालव्याने किंवा मोठ्या नळाने पाणी खाली नेऊन तिथे वीजघर बांधलेलं असतं. मग धरण आणि वीजघर यांच्यामधला नदीचा तुकडा उन्हाळ्यात जवळजवळ कोरडा पडतो. दगड उघडे, मध्ये चार डबकी, त्यात अडकलेले मासे.

या तुकड्यात कायम १०० क्यूसेक सोडा, अशी मागणी आली की वीजघराचे सुमारे १३५ किलोवॉट गेले. वर्षभर धरलं तर जवळपास १२ लाख युनिट. प्रत्यक्षात तोटा याहून कमी असतो, कारण वसंतात बर्फ वितळून नदी दुथडी भरते तेव्हा टर्बाइनला पेलणार नाही इतकं पाणी सांडव्यावरून वाहून जातच असतं. तरीही छोट्या मालकासाठी हा आकडा लहान नाही, आणि त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. कोरड्या तुकड्यात माशाला मात्र वर्षाची सरासरी उपयोगी पडत नाही, त्याला ऑगस्टमधल्या त्या तीन आठवड्यांत पाणी लागतं. आमचं स्वतःचं मत विचाराल तर किमान विसर्गाची अट हीच बहुतेक छोट्या धरणांवरची सर्वांत मोलाची अट आहे, आणि तिचा आकडा अंदाजाने न ठरता मोजमापाने ठरला पाहिजे.

दुसरा मुद्दा पातळीचा. काही वीजघरं जेवढं पाणी येईल तेवढंच पुढे सोडतात, तलावाची पातळी स्थिर राहते. काही मात्र रात्री पाणी अडवतात आणि विजेला मागणी वाढली की सोडतात. अशा ठिकाणी तलाव दिवसाकाठी वर-खाली होतो, काठ ढासळतो, आणि धरणाखाली अचानक पाणी वाढून नदीत उतरलेल्या माणसांना धोका होतो. तुमच्या धरणाचा प्रकार कोणता, हे अर्जात लिहिलेलं असतं. पण काठावरचा माणूस ते कोणत्याही कागदापेक्षा आधी ओळखतो.

पूर्वेकडच्या नद्यांवर वाम माशाचाही प्रश्न असतो. अमेरिकी वाम समुद्रात जन्मते, गोड्या पाण्यात वाढते आणि अंडी घालायला पुन्हा सरगॅसो समुद्राकडे निघते. येताना तिच्या वाटेत धरणाची भिंत, परतताना टर्बाइनची पाती. मासे वर आणि खाली जाण्याची सोय करायला लावण्याचा अधिकार कायद्याने केंद्र सरकारच्या इंटीरियर आणि कॉमर्स (वाणिज्य) या दोन खात्यांना दिला आहे. त्यांनी तशी अट घातली तर आयोगाला ती परवान्यात घ्यावीच लागते.

राज्याचाही हात यात आहे. पाण्याच्या दर्जाबाबत राज्याचं प्रमाणपत्र लागतं किंवा राज्याने तो हक्क सोडावा लागतो, त्याशिवाय नवा परवाना निघत नाही. राज्य त्या प्रमाणपत्रात किमान विसर्गाची अट घालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या प्रकरणात सांगितलं. धरणातून नुसतं वाहून जाणारं पाणीही या तरतुदीखाली येतं, हे २००६ मध्ये मेनमधल्या छोट्या धरणांच्या प्रकरणात पक्कं झालं. म्हणून आयोगाला पाठवलेल्या पत्राची प्रत राज्याच्या पर्यावरण विभागालाही जरूर द्या.

लवकर बोला, असं का म्हणतो

जुना परवाना संपण्याच्या पाच ते साडेपाच वर्षं आधी मालकाला नूतनीकरणाचा इरादा जाहीर करावा लागतो. त्यासोबत तो एक जाडजूड प्राथमिक दस्तऐवज देतो: धरण, नदी, मासे, उपलब्ध माहिती. नेहमीच्या पद्धतीत मग आयोगाची माणसं त्या भागात जाहीर बैठक घेतात, धरणाची पाहणी ठेवतात. मुद्दे सुचवायला आणि अभ्यास मागायला नोटिशीपासून ६० दिवस मिळतात. पुढची साधारण दोन वर्षं ठरलेले अभ्यास चालतात. मुदत संपण्याच्या किमान दोन वर्षं आधी प्रत्यक्ष अर्ज दाखल होतो, त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात, पर्यावरणाचा अहवाल निघतो, त्यावरही बोलता येतं, आणि मग आदेश.

लोक जागे होतात ते बहुधा अर्ज दाखल झाल्यावर. तोवर काय मोजायचं आणि काय नाही, हे ठरून गेलेलं असतं. कोरड्या तुकड्यात शिंपले किती आहेत हे कोणी मोजलंच नसेल, तर अहवालात त्यांच्यावर एखादी ओळ येईल आणि अटीत काहीच येणार नाही. म्हणूनच पहिले ६० दिवस आम्हाला सगळ्यांत मोलाचे वाटतात.

अभ्यास मागताना नुसतं "माशांचा अभ्यास करा" लिहून भागत नाही. उद्देश काय, आज माहिती काय आहे आणि ती का पुरत नाही, धरण चालवण्याशी त्याचा संबंध काय, पद्धत कोणती आणि खर्च साधारण किती, हे सांगावं लागतं. यात राज्याच्या मत्स्य विभागाची किंवा नदीसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेची मदत घ्या. छोट्या धरणांचे मालक कधी कधी आयोगाकडून जुनी, पारंपरिक पद्धत मंजूर करून घेतात. तिच्यात आयोग सुरुवातीला फारसा मध्ये पडत नाही. तेव्हा नोटिशीत पद्धत कोणती लिहिली आहे ते आधी पाहा.

मुदत संपली आणि निर्णय झाला नाही, तर धरण बंद पडत नाही. जुन्याच अटींवर वर्षावर्षाचा परवाना मिळत राहतो, आणि काही ठिकाणी हे अनेक वर्षं चालतं.

पत्रात काय लिहावं

"आम्हाला तलाव आवडतो, धरण राहू द्या" किंवा "धरण नको", अशी पत्रं आयोगाकडे ढिगाने जातात. एकाच मजकुराखाली नावं बदलून पाठवलेली पत्रंही जातात. ती नोंदली जातात, पण अट लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. त्याला उपयोगी पडतं ते असं: "आमचा धक्का धरणाच्या वर, डाव्या तीरावर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कामाच्या दिवशी दुपारी पाणी सुमारे फूटभर उतरतं आणि रात्री पुन्हा चढतं. धक्क्याच्या खांबावर त्या उंचीचा चिखलाचा पट्टा दिसतो. पाणी उतरलं की उथळ भागातले शिंपले उघडे पडतात. तारखेसह फोटो जोडले आहेत." शेवटी एक नेमकी मागणी हवी: पातळीतला चढउतार अमुक इंचांपेक्षा जास्त नसावा, किंवा तलावाच्या पातळीची नोंद लोकांना रोज पाहता यावी. फोटो काढताना खांबावर एक कायमची खूण करून ठेवा, म्हणजे सगळे फोटो एकाच मापाने वाचता येतात.

धरणाला वळसा घालून होडी उचलून नेण्याची वाट, मासेमारीची जागा, धोक्याच्या सूचनेचा भोंगा वाजतो की नाही, हेही लिहा. ही मागणी स्वस्त असते आणि बऱ्याचदा मान्य होते.

पत्रावर प्रकल्प क्रमांक न विसरता घाला. इंग्रजी 'पी' अक्षर आणि पुढे आकडा, अशी त्याची पद्धत असते. आयोगाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून त्या क्रमांकाचे नवे कागद ईमेलवर मागवता येतात. छोटी सूचना, ६,००० अक्षरांपर्यंतची, खातं न उघडताही देता येते. शुल्क काही नाही. नागरिकत्वाचीही अट नाही, व्हिसावर राहणाऱ्यांनी संकोच करू नये. मात्र तुमचं पत्र सार्वजनिक होतं, त्यामुळे मजकुरात फोन नंबर किंवा घरातली खासगी माहिती घालू नका.

सूचना देणं आणि पक्षकार होणं यातला भेदही ध्यानात ठेवा. नुसत्या सूचनेने तुम्ही पक्षकार होत नाही. आदेश पटला नाही तर ३० दिवसांत फेरविचार मागण्याचा आणि नंतर कोर्टात जाण्याचा हक्क पक्षकारालाच असतो. त्यासाठी अर्ज स्वीकारल्याच्या नोटिशीनंतर, सांगितलेल्या मुदतीत वेगळा हस्तक्षेप अर्ज द्यावा लागतो. ज्यांच्या जमिनीवर थेट परिणाम होणार आहे त्यांनी तो द्यावाच, असं आम्ही सांगतो.

तुमचा धक्का आणि प्रकल्पाची हद्द

आमच्या कामाशी थेट जोडलेला भाग हा. परवान्यासोबत प्रकल्पाच्या हद्दीचा नकाशा असतो आणि ती रेषा अनेकदा पाण्याच्या काठावरच न थांबता वर, जमिनीवर आलेली असते. त्या रेषेच्या आत धक्का, भिंत, पायऱ्या बांधायला परवानाधारकाची संमती लागते. घरगुती वापराच्या, एका वेळी १० पर्यंत होड्या लागतील अशा धक्क्याला संमती देण्याची मुभा बहुतेक परवान्यांतल्या ठरावीक कलमाने परवानाधारकाला दिलेली असते, त्याहून मोठ्यासाठी प्रकरण पुढे जातं. नूतनीकरणात ही हद्द बदलू शकते आणि काठाच्या व्यवस्थापनाचा नवा आराखडा येऊ शकतो. मसुद्यातला नकाशा निघाला की तो तुमच्या मोजणीशी ताडून पाहायला हवा.

नोटीस, खरेदीखत आणि जुना मोजणी नकाशा घेऊन या, रेषा कुठून जाते ते आम्ही दाखवू. हद्दीबाबतच्या हरकतीसाठी लागणारा नकाशा आम्ही तयार करून देतो. हस्तक्षेप अर्जाचं किंवा फेरविचाराचं काम असेल तर ते वकिलाचं आहे, आणि तसं आम्ही पहिल्या भेटीतच सांगू.