शेल स्क्रिप्ट : अनेक ओळींच्या व्हेरिएबलवर लूप

एकाच व्हेरिएबलमध्ये (मजकूर ठेवायच्या नावात) साठवलेला अनेक ओळींचा मजकूर युनिक्स-लिनक्सच्या शेलमध्ये (कमांड घेऊन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एकेक ओळ घेऊन हाताळण्याची पद्धत. गावांची, खातेदारांची किंवा फाइलींची यादी हाती असते आणि प्रत्येक नोंदीवर तेच काम करायचे असते, तेव्हा ती लागते.

नवशिका बहुधा फॉर लूप (यादीतल्या प्रत्येक शब्दासाठी तेच काम पुन्हा करणारी रचना) लावतो आणि व्हेरिएबल अवतरणचिन्हांविना लिहितो. अमरावती जिल्ह्याच्या तालुक्यांची यादी अशी फिरवली की घोळ लगेच उघड होतो. तालुके १४, पण नांदगाव खंडेश्वर, चांदूर रेल्वे, चांदूर बाजार, अंजनगाव सुर्जी आणि धामणगाव रेल्वे ही ५ नावे दोन शब्दांची, त्यामुळे लूप १९ वेळा फिरतो. 'रेल्वे' दोनदा तालुका होऊन बसते, आणि 'चांदूर' कोणते ते कळायला मार्ग उरत नाही. गावपातळीवर उतरले की खुर्द-बुद्रुक आहेतच. शब्द कुठे तोडायचे हे आयएफएस या व्हेरिएबलवरून ठरते. त्यात मुळात स्पेस, टॅब आणि नवी ओळ अशी तीन चिन्हे असतात. ग्रामपंचायतीच्या करवसुलीच्या यादीत थकबाकीदारापुढे खूण म्हणून सुटे तारांकन टाकलेले असेल, तर शेलच्या लेखी त्याचा अर्थ 'सगळ्या फाइली' असल्याने त्याच्या जागी चालू फोल्डरमधल्या फाइलींची नावे येतात. आयएफएसमध्ये फक्त नवी ओळ ठेवली तर दोन शब्दांची नावे शाबूत राहतात, पण रिकाम्या ओळी गळतात आणि तारांकनाचा धोका उरतोच.

भरवशाची रचना व्हाइल आणि रीड यांची (प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहायची; 'डन'नंतरचे तिहेरी चिन्ह पुढचा मजकूर लूपला पुरवते):

व्हाइल आयएफएस= रीड -आर गाव; डू … डन <<< "$यादी"

आयएफएस रिकामा ठेवल्याने ओळीच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा टिकतात. '-आर'मुळे उलटी तिरपी रेघ जशीच्या तशी राहते. हीच यादी पाइपमधून (एका कमांडचे उत्तर दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) लूपमध्ये सोडली तर बॅश या शेलमध्ये लूप वेगळ्या उपशेलमध्ये चालतो, आणि तिथे बदललेली व्हेरिएबल बाहेर पोचत नाहीत. बाजार समितीच्या यादीतील तुरीच्या पोत्यांची बेरीज आत बरोबर होते, बाहेर आल्यावर मात्र शून्यच. लूप चालतो, चूक दाखवली जात नाही, म्हणून हा दोष शोधायला सर्वांत कटकटीचा.

वेगाचा प्रश्न बहुतेक वेळा लूपचा नसून त्याच्या पोटातल्या कमांडचा असतो. दर ओळीला सेड किंवा कट या मजकूर बदलणाऱ्या-कापणाऱ्या बाहेरच्या कमांड चालवणे म्हणजे दर ओळीला नवी प्रोसेस. सेवा केंद्रातल्या जुन्या संगणकावर काही हजार खातेदारांची यादी त्यामुळेच रखडते. तेवढे काम शेलच्या स्वतःच्या विस्तारांनी (व्हेरिएबलमधला मजकूर कापण्या-बदलण्याच्या अंगभूत सोयींनी) करावे, आणि यादी मोठी असेल तर लूप सोडून सरळ ऑक हे मजकूर ओळीओळीने हाताळणारे साधन वापरावे. पाइपवरून वाचताना रीड एकेक बाइट उचलते, कारण ओळीपुढचा मजकूर परत ठेवता येत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे, म्हणजे मराठी यादीला हा भार जास्तच. ओळ तुटण्याची भीती मात्र नाही. नव्या ओळीचा बाइट देवनागरी चिन्हाच्या पोटात कधीच येत नाही.

बॅश ४.० पासून (२००९) मॅपफाइल ही अंगभूत कमांड सगळ्या ओळी एकदम ॲरेमध्ये (क्रमांकित यादीत) भरते. यादी पुन्हा पुन्हा फिरवायची असेल तर हीच बरी. मॅकओएससोबत येणाऱ्या बॅश ३.२ मध्ये ती नाही.

लूपमध्ये एसएसएच (दुसऱ्या संगणकावर कमांड चालवणारी कमांड) असेल तर ते उरलेली यादी स्वतःच गिळते आणि पहिल्या गावानंतर काम थांबते; त्याला '-एन' द्यावे. विंडोजवरून आलेल्या याद्यांत ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारे चिन्ह चिकटलेले असते, ते आधी काढावे, नाहीतर 'तिवसा' आणि 'तिवसा' जुळत नाहीत.

'<<<' हे चिन्ह पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या सामाईक मानकात नाही. डेबियन आणि उबुंटूत साध्या एसएच नावाने डॅश हा छोटा शेल चालतो, तिथे या रचनेवर वाक्यरचनेची चूक दाखवली जाते. अशा स्क्रिप्टमध्ये हिअर-डॉक्युमेंट (स्क्रिप्टमध्येच दोन खुणांदरम्यान लिहिलेला मजकूर) लिहून त्यात व्हेरिएबल ठेवावे.