खिडकीच्या काचेतून न्यूयॉर्क: सुझॅन वेगाच्या अल्बमांमागचे रस्ते

मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवे आणि ११२ नंबरचा रस्ता जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर ‘टॉम्स रेस्टॉरंट’ आहे. ‘साइनफेल्ड’ ही मालिका पाहिलेल्यांना त्याचा दर्शनी भाग लगेच ओळखू येईल. गीतकार-गायिका सुझॅन वेगा जवळच्याच बार्नार्ड कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकली, त्यामुळे ही जागा तिच्या रोजच्या वाटेवरची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने इथल्या एका सकाळीवर गाणं लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘टॉम्स डायनर’. रेस्टॉरंटचं डायनर का झालं? गाताना तो शब्द बरा बसतो, इतकंच.

गाण्यात घडत काहीच नाही. कुणीतरी काउंटरशी कॉफीची वाट बघतंय. पेपरात दारूपायी मेलेल्या कुणा नटाची बातमी आहे. बाहेर पावसात एक बाई काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघत पायमोजे सारखे करतेय. मग चर्चच्या घंटा वाजतात. तो नट म्हणजे नोव्हेंबर १९८१मध्ये गेलेला विल्यम होल्डन. घंटा सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलच्या, आणि ते तर त्याच ११२ नंबरच्या रस्त्याच्या टोकाला उभं आहे. ‘मी जग काचेआडून बघतो असं वाटतं,’ अशा अर्थाचं काहीतरी एक छायाचित्रकार मित्र तिला म्हणाला होता. गाण्याचं बी तिथलं. सोबत पियानो असावा असं तिच्या मनात होतं, पण पियानो तिला वाजवता येत नव्हता. म्हणून गाणं नुसत्या आवाजावर राहिलं. जेमतेम दोन मिनिटांचं.

वेगाचा जन्म १९५९चा, कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाचा. पण कळत्या वयाचं सगळं न्यूयॉर्कमध्ये: आधी स्पॅनिश हार्लेम, मग अप्पर वेस्ट साइड. सावत्र वडील पोर्तो रिकोचे लेखक. आपणही अर्ध्या पोर्तो रिकन आहोत, असं ती नऊ वर्षांची होईपर्यंत समजत होती. खरे वडील वेगळे आणि गोरे, हे तेव्हा कळलं. मोहल्ल्यात राहूनही जरा बाजूला उभं राहून बघायची तिची सवय इथूनच आली असावी, असा माझा कयास.

पुढे ती ग्रीनिच व्हिलेजमध्ये ‘फास्ट फोक’ या गीतकारांच्या सहकारी गटात रुळली. १९८५मध्ये पहिला अल्बम आला. निर्मात्यांपैकी एक होता रॉक गायिका पॅटी स्मिथचा गिटारवादक लेनी के. श्रोत्यांशी खरी गाठ पडली १९८७च्या ‘सॉलिट्यूड स्टँडिंग’ने. त्यातलं ‘लुका’ अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. घरी मार खाणारा एक मुलगा वरच्या मजल्यावरून बोलतो, असं ते गाणं. तिच्या इमारतीत इतर पोरांपासून थोडा अलिप्त राहणारा या नावाचा एक मुलगा खरंच होता. त्याला मात्र कुणी मारत नव्हतं, हे तिनेच नंतर सांगितलं. नाव आणि अलिप्तपण तिने उचललं, बाकीचं रचलं.

‘टॉम्स डायनर’चं पुढचं नशीब तर रस्त्यालाही मागे टाकणारं. १९९०मध्ये डीएनए या ब्रिटिश जोडीने न विचारता त्याला नाचाचा ताल जोडून रेकॉर्ड काढली. तिच्या ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीने खटला भरण्याऐवजी तीच विकत घेतली. आणि जर्मनीत एमपी३ तंत्र घडवणारा कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग चाचणीसाठी हेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकत होता. आधाराला वाद्य नाही, मागे नुसती शांतता. कॉम्प्रेशनमधला, म्हणजे ध्वनीची फाइल लहान करण्यातला, प्रत्येक दोष उघडा पडायचा.

या सुरुवातीच्या गाण्यांत जिने, खिडक्या, कोपरे भरपूर आहेत, रस्त्यांची नावं फारशी नाहीत. ती येतात २००७च्या ‘ब्यूटी अँड क्राइम’मध्ये. मधल्या काळात ११ सप्टेंबर घडून गेलं होतं, आणि २००२मध्ये तिचा धाकटा भाऊ गेला. तो लोअर ईस्ट साइडमधल्या लडलो स्ट्रीटवर राहायचा. ‘लडलो स्ट्रीट’ हे गाणं त्याच्यासाठी. तो रस्ता त्याच्याशिवाय कसा दिसतो, एवढाच त्याचा विषय. आधीचा काचेआडचा अलिप्तपणा इथे उरत नाही. मला तिच्या सगळ्या शहरगीतांत हे सर्वांत थेट वाटतं. त्याच अल्बममध्ये झेफर नावाच्या ग्राफिटी कलाकारासोबत वेस्ट एन्ड अ‍ॅव्हेन्यूवर उभं राहून सत्तरच्या दशकाच्या आठवणी काढणारं गाणं आहे, आणि शहरालाच बाई मानणारं एक.

२०१९मध्ये तिने न्यूयॉर्कमधल्याच कॅफे कार्लाइलच्या छोट्या मंचावर ही गाणी एकत्र गायली. ते ध्वनिमुद्रण २०२०मध्ये अल्बम म्हणून आलं. त्यात एक गाणं दुसऱ्याचं आहे: रॉक गायक लू रीडचं ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’. १९७९मध्ये कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे टॉम्सपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तिने पाहिलेली पहिली रॉक मैफल त्याचीच होती.