तरंगता बर्फ आणि पाण्याची पातळी

गोड्या पाण्यावर मोकळा तरंगणारा शुद्ध बर्फ पूर्ण वितळला तरी पाण्याची पातळी बदलत नाही. बर्फाचा पाण्याबाहेर दिसणारा भाग वितळून खाली आला की पातळी वाढणारच, असे सहज वाटते. पण तो भाग म्हणजे पाणी गोठताना वाढलेले आकारमान असते आणि वितळताना तेवढेच आकारमान कमी होते.

आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतका द्रव बाजूला सारते. १०० ग्रॅम बर्फ १०० ग्रॅम, म्हणजे १०० मिलि. पाणी बाजूला सारतो. ०° से. तापमानाला बर्फाची घनता दर घन सेंमी.ला ०.९१७ ग्रॅम असते, म्हणून या तुकड्याचे आकारमान सुमारे १०९ घन सेंमी. भरते. त्यातले १०० पाण्याखाली राहतात, ९ वर. वितळल्यावर मिळणारे १०० मिलि. पाणी तुकड्याने पाण्याखाली अडवलेल्या जागेत बरोबर मावते. तुकडा एक असो की दहा, आडवा असो की उभा, हिशेब तोच राहतो. आतल्या हवेच्या बुडबुड्यांनीही फरक पडत नाही, कारण हवेचे वजन नगण्य असते. तुकडा फक्त थोडा अधिक वर तरंगतो.

प्रयोगासाठी सरळ भिंतींचे, सुमारे ८ सेंमी. आतील व्यासाचे पारदर्शक भांडे घ्यावे. त्यात अर्धा लिटर पाणी आणि १०० ग्रॅम बर्फ टाकून पातळीची खूण करावी. या भांड्यात १ मिलि. पाणी वाढले की पातळी ०.२ मिमी. चढते, त्यामुळे खूण बारीक हवी आणि डोळा पातळीच्या रेषेत हवा. प्रयोग फसतो तो बहुधा बर्फ तळाला टेकल्याने. टेकलेल्या बर्फाचे काही वजन तळ पेलतो, तो स्वतःच्या वजनापेक्षा कमी पाणी सारतो आणि वितळताना पातळी चढते. भांडे उथळ आणि बर्फ जास्त असेल तर हे हमखास घडते. तुकडे काठाला अडकले किंवा एकमेकांवर रचून तळापर्यंत पोहोचले तरी तोच परिणाम होतो. दुसरी चूक तापमानाची. २०° से.चे अर्धा लिटर पाणी ४° पर्यंत थंड झाले तर जवळजवळ १ मिलि.ने आकसते, आणि पातळी उतरल्याचा भास होतो. म्हणून आधीच बर्फगार केलेले पाणी वापरणे चांगले. भांड्याच्या बाहेर जमणाऱ्या थेंबांचा मात्र पातळीशी काही संबंध नसतो.

बर्फात काय अडकले आहे, यावरही उत्तर ठरते. १०० ग्रॅम बर्फात २७ ग्रॅमचा, १० घन सेंमी.चा दगड गोठवला, तर तरंगताना तो गोळा १२७ मिलि. पाणी सारतो. वितळल्यावर पाणी १०० मिलि. आणि तळाशी गेलेला दगड १०, मिळून ११० होतात. पातळी १७ मिलि. इतकी उतरते. बुडालेला दगड फक्त स्वतःच्या आकारमानाइतके पाणी सारतो, तरंगताना तो वजनाइतके सारत होता. दगडाऐवजी बुचाचा तुकडा असेल तर तो नंतरही तरंगतच राहतो, म्हणून पातळी हलत नाही.

द्रव बदलला की समतोल मोडतो. अर्धा लिटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून वरचाच प्रयोग केला, तर १०० ग्रॅम बर्फ सुमारे ८५ मिलि. द्रावणच सारतो, आणि वितळल्यावर पातळी जवळजवळ ३ मिमी. चढते. वर्गात दाखवायला हाच प्रयोग सर्वांत सोयीचा, कारण फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२६ असते, त्यामुळे तिथे हा परिणाम लहान असतो. १ टन गोड्या पाण्याचा हिमनग ०.९७५ घनमीटर समुद्रजल सारतो आणि वितळून १ घनमीटर पाणी देतो. वाढ सारलेल्या पाण्याच्या सुमारे २.६ टक्के इतकी. म्हणजे तरंगत्या बर्फाने समुद्र मुळीच चढत नाही, हे विधान काटेकोरपणे चूक आहे. तरीही जगातला सगळा तरंगता बर्फ वितळला तर वाढ ४ सेंमी.च्या आसपासच येते. समुद्राचेच पाणी गोठून झालेल्या बर्फात थोडे मीठ उरलेले असते, म्हणून त्याचा वाटा आणखी कमी.

जमिनीवरच्या बर्फाचा हिशेब पूर्ण वेगळा आहे, कारण त्याचे वजन समुद्रावर अजून आलेलेच नसते. असा सुमारे ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात गेला की जगभरची सरासरी पातळी १ मिमी.ने वाढते, ग्रीनलंडच्या हिमचादरीत अशी ७ मीटरहून अधिक वाढ साठलेली आहे. जमिनीवरून सरकत आलेला बर्फ तळ सोडून तरंगू लागतो, तेव्हाच जवळजवळ सगळी वाढ होऊन जाते. पुढे तो वितळायला कितीही वर्षे लागोत, भर फारशी पडत नाही. हिमनग वितळेपर्यंत धोका नाही, असे मानणे म्हणूनच चुकीचे आहे.

तरंगत्या बर्फाचे खरे महत्त्व त्याने दिलेल्या आधारात आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळचा लार्सन बी हा तरंगता हिमथर २००२ मध्ये काही आठवड्यांत फुटला. सुमारे ३,२५० चौ. किमी. बर्फ विखुरला. त्याच्या वितळण्याने पातळीत नाममात्र भर पडली, पण त्याने अडवून धरलेल्या मागच्या हिमनद्या कित्येक पटींनी वेगाने समुद्राकडे सरकू लागल्या. पश्चिम अंटार्क्टिकात बराच बर्फ समुद्रसपाटीखालच्या तळावर टेकलेला आहे. तिथे बर्फाची पूर्ण जाडी मोजत नाहीत. तरंगायला पुरेशा जाडीच्या वर जेवढा बर्फ आहे तेवढाच पातळीवाढीत धरतात, कारण उरलेल्याची जागा समुद्राचे पाणीच भरून काढते.