जेट स्कीचा एक्झॉस्ट आणि खारे पाणी : शिवसागराच्या काठावरून पार्श्वभूमी

कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहाकडे उतरते आणि पुढे वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्राला मिळते. समुद्रावर काही हंगाम चाललेली जेट स्की घाट चढून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात आणली, की हा प्रवास उलटा होतो आणि तिच्या एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर टाकणाऱ्या वाटेत, गंज चढवणारे समुद्राचे मीठही सोबत येते. जलाशयाकाठच्या तापोळा आणि बामणोलीचा नौकाविहार जुना आहे. जावळी तालुक्यातील मुनावळे येथे २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झाल्यापासून मात्र वेगवान यंत्रांच्या देखभालीचा प्रश्न साताऱ्यातही आला आहे. वापरलेले यंत्र विकत घेणाऱ्याने म्हणूनच या गंजाचा इतिहास समजून घेणे आवश्यक आहे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतील क्लोराइड धातूवरचे संरक्षक कवच फोडते. दोन वेगळे धातू अशा पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले, तर त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यांपैकी दुबळा धातू झिजतो. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला, तेव्हा हा धडा मिळाला. दोन वर्षांनी पाहणी केली असता पत्र्याला टेकलेले लोखंडी खिळे खाल्लेले निघाले. परंतु जेथे तांब्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून मध्ये राहिला होता, तेथील खिळे शाबूत होते. आज वेगळ्या धातूंच्या भागांमध्ये न गंजणारी वॉशर, विद्युतरोधक थर किंवा योग्य ग्रीस वापरतात, त्यामागे हाच विचार आहे. पुढे १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, म्हणजे झीज त्या तुकड्यांवर जाते, हे दाखवून दिले. जस्ती पत्र्यावर ओरखडा पडला तरी आतले लोखंड लगेच गंजत नाही, हे आपण गोठ्याच्या छपरावर रोज पाहतो. यंत्रावरचा बळी जाणारा तुकडा, म्हणजे ॲनोड, हे त्याच तत्त्वाचे रूप आहे.

दुसरा धागा आवरणाचा आहे. पितळेच्या पातेल्याला कलई करताना आपण अन्न आणि धातू यांच्यामध्ये एक थर घालतो. ॲल्युमिनियमसाठी तसाच, पण धातूतूनच वाढवलेला ऑक्साइडचा थर १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये आला; समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचावेत, हा त्यामागचा हेतू होता. त्याआधी, १९१३ मध्ये, हॅरी ब्रीअर्ली यांनी शेफील्डमध्ये क्रोमियमयुक्त स्टेनलेस पोलाद तयार केले होते. मात्र ‘स्टेनलेस’ या नावावर विसंबून अनेक जण फसतात, असे मला वाटते. अडकलेल्या, हवा न लागणाऱ्या खाऱ्या पाण्यात तेही बारीक खड्ड्यांनी पोखरले जाते, आणि होज (रबरी नळी) आवळून धरणाऱ्या क्लॅम्पच्या पट्टीखाली नेमकी तीच स्थिती असते.

जेट स्की या सगळ्यानंतर आली. अशा यंत्राचे जनक क्लेटन जेकबसन यांचा ॲल्युमिनियमचा पहिला नमुना १९६५ चा. बोम्बार्डिए कंपनीने १९६८ मध्ये आणलेल्या ‘सी-डू’ या तशाच यंत्राचे इंजिन हवेने थंड होणारे होते. तापणे आणि खाऱ्या पाण्याचा गंज हे त्या यंत्राचे त्रास ठरले आणि त्याचे उत्पादन थोड्याच काळात थांबले. १९७३ मध्ये कावासाकीच्या जेट स्कीने बाजार उभा केला, आणि बाहेरचे पाणी इंजिनाभोवती फिरवून ते थंड करण्याची पद्धत रुळली. पुढे २००२ च्या सुमारास फोर-स्ट्रोक यंत्रे आली आणि त्यांतील काहींत इंजिनासाठी मोटारीसारखे बंदिस्त कूलंट (आतल्या आत फिरणारा, इंजिन थंड ठेवणारा द्रव) आले, म्हणजे इंजिनाची आतली वाट खाऱ्या पाण्याला बंद झाली.

एक्झॉस्टची वाट मात्र बंद झाली नाही. फायबरच्या बंद कवचात लाल होईपर्यंत तापलेला पाइप ठेवता येत नाही, रबरी होजही तो ताप सोसू शकत नाही. म्हणून बंदिस्त कूलंट असलेल्या यंत्रांतही मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरमधील धूर गोळा करणाऱ्या भागाच्या, जॅकेटमधून (भोवतालच्या पोकळ आवरणातून) बाहेरचेच पाणी फिरते आणि त्यातले काही धुरात सोडून वॉटर बॉक्समधून (धूर आणि पाणी एकत्र येणाऱ्या पेटीतून) बाहेर टाकले जाते. उष्णता, धुरातील आम्ल, हवा आणि क्लोराइड ही चारही एकत्र येणारी यंत्रातील ही जागा आहे. इंजिन बंद केल्यावर पाणी वाफ होऊन जाते आणि मीठ तेथेच थिजते.

गळती याच गंजातून, आणि बहुधा सांध्यावर, सुरू होते. सांध्यात गळती रोखण्यासाठी बसवलेल्या गॅस्केटच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, तर ॲल्युमिनियम खाल्ले जात आहे असे समजावे. गळतीने धूर कवचात साठला, तर इंजिन तोच धूर ओढून दम टाकते, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर बेअरिंग काही दिवसांतच निकामी होऊ शकते.

म्हणून समुद्रावरून परतल्यावर गोड्या पाण्याने धुण्याची शिस्त रूढ झाली. बहुतेक यंत्रांत तिचा क्रम ठरलेला असतो: आधी इंजिन सुरू, मग नळ, थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला, तर पाणी ढकलून बाहेर काढायला धुराचा दाब नसतो आणि ते उलटे इंजिनात शिरते. उलटलेली जेट स्की मागच्या बाजूच्या खुणेनुसारच सरळ करावी, यामागेही वॉटर बॉक्समधील पाणी इंजिनात जाऊ नये हेच कारण आहे.

शिवसागरात आल्यावर मीठ थांबते, पण गॅस्केटखाली पडलेले खड्डे भरून निघत नाहीत. शिवाय गोड्या पाण्यातून वीज कमी वाहते, त्यामुळे समुद्रासाठी लावलेला जस्ताचा ॲनोड येथे निष्क्रिय होऊन पांढऱ्या थराखाली झाकला जातो. यंत्र पाण्यात उतरवण्यापूर्वी उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार गोड्या पाण्याला साजेसा ॲल्युमिनियमचा किंवा मॅग्नेशियमचा ॲनोड बसवावा, आणि क्लॅम्प सोडवून त्याखालची पट्टी व होजची कड डोळ्यांनी तपासून घ्यावी.